सही केली म्हणजे संपलं का? : वाचकांचे प्रश्न, धंदा आणि कायदा

या वेळच्या पत्रांमध्ये एक गंमत दिसली. अर्ध्या लोकांना वाटतं की स्टँप पेपर नाही म्हणजे व्यवहारच झाला नाही, आणि उरलेल्या अर्ध्यांना वाटतं की एकदा सही केली की कागदावर काहीही लिहिलेलं असो, आता भोगा. दोन्ही गैरसमज समोरच्याच्या फायद्याचे असतात म्हणून तो ते दूर करत नाही. ज्यांनी नाव छापू नका सांगितलं होतं त्यांची नावं काढलीत, मग म्हटलं सगळ्यांचीच काढावीत.

प्रश्न : ताई, मी घरून ग्राफिक डिझाईनची कामं करते. एका क्लायंटशी सगळं व्हॉट्सॲपवर ठरलं होतं, ४० हजार रुपयांत काम, निम्मे आधी निम्मे काम झाल्यावर. आधीचे २० हजार आले, मी फाईल्स दिल्या, त्याने त्या वापरल्यासुद्धा. आता उरलेले मागितले तर म्हणतो की आपल्यात ॲग्रीमेंट कुठे झालंय, स्टँप पेपर दाखवा. खरंच काही करता येत नाही का?

येतं. तो तुम्हाला घाबरवतोय, किंवा त्याला स्वतःलाच माहीत नाहीये.

आपला करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचं कलम १० वाचलंत तर त्यात स्टँप पेपर हा शब्दच नाही. एकाने प्रस्ताव ठेवला, दुसऱ्याने तो मान्य केला, दोन्हीकडून काहीतरी देणंघेणं आहे, दोघं सज्ञान आणि शुद्धीवर आहेत, कुणी कुणावर जबरदस्ती किंवा फसवाफसवी केलेली नाही आणि काम बेकायदा नाही, एवढं जमलं की करार झाला, मग तो तोंडी असो, मेलवर असो नाहीतर चॅटवर. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करार केवळ त्या कारणासाठी रद्द ठरत नाही हे आयटी कायद्याच्या कलम १०-अ मध्ये सरळ लिहिलंय. जमीन किंवा घर विकणं असल्या काही व्यवहारांना लेखी आणि नोंदणीकृत दस्त लागतो हे खरं, पण लोगो आणि ब्रोशर त्यात येत नाहीत.

तुमच्या बाबतीत तर त्याने २० हजार पाठवलेत. करारच नव्हता तर ते पैसे कशाचे होते, एवढा एक प्रश्न त्याला लेखी विचारा, त्याचं उत्तर त्याच्याकडे नसणार.

आता खरी मेहनत आहे ती पुराव्याची. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, नुसता स्क्रीनशॉट प्रिंट मारून दिला की झालं असं होत नाही. म्हणून ते चॅट डिलीट करू नका, ज्या फोनवर ते आहे तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका (लोक नेमकं हेच करतात), फाईल्स पाठवलेले मेल जपा आणि बँक स्टेटमेंटमधली ती एंट्री काढून ठेवा. मग स्पीड पोस्टाने एक नोटीस, त्यात तारीखवार हकिगत आणि रक्कम. दावा लावायला साधारणपणे तीन वर्षं असतात पण थांबायचं कशाला.

आणि पुढच्या कामाच्या आधी उद्यम नोंदणी (सरकारदरबारी लघुउद्योग म्हणून नोंद) करून टाका, ऑनलाइन होते आणि फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा जो कायदा आहे त्यात घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने आणि तेही महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. हे वाक्य नुसतं इनव्हॉइसच्या खाली छापलं तरी काही क्लायंटचे पैसे आपोआप वेळेवर यायला लागतात.

स्टँपबद्दलही एक सांगून टाकते कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. ज्या कागदाला मुद्रांक शुल्क लागतं तो कागद बिनशुल्काचा असेल तर तो रद्द होत नाही, शुल्क आणि दंड भरेपर्यंत कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही एवढंच. सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने डिसेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केलंय, की ही दुरुस्त होऊ शकणारी उणीव आहे.

प्रश्न : मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. जॉइन होताना सही केली त्यात दोन अटी होत्या. एक, नोकरी सोडल्यावर दोन वर्षं त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीत जायचं नाही. दोन, १८ महिन्यांच्या आत सोडली तर दीड लाख भरायचे. आता चांगली ऑफर आलीये, मला १४ महिने झालेत. एचआर म्हणतं दोन्ही लागू होणार. सही तर मीच केलीये.

सही तुम्हीच केलीये, पण दोन अटींचं नशीब वेगवेगळं आहे, त्या एकाच पानावर आहेत म्हणून एकाच मापात मोजू नका.

पहिली अट. करार कायद्याचं कलम २७ म्हणतं की कुणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. यात मेख अशी आहे की इंग्लंडमध्ये कोर्ट बघतं की बंधन वाजवी आहे का, किती काळाचं, किती मोठ्या भागात, आणि वाजवी वाटलं तर ते टिकतं. आपल्या कलमात वाजवी-अवाजवीला जागाच ठेवलेली नाही, धंद्याचं गुडविल, म्हणजे नावलौकिक, विकलं तर विकणाऱ्याने शेजारी तोच धंदा काढू नये एवढा एक अपवाद दिलाय. म्हणजे तुमच्या एचआरने दोन वर्षांऐवजी दोन महिने लिहिले असते तरी नोकरी संपल्यानंतरचं बंधन आपल्याकडे टिकायला अवघडच. क्रिकेटर झहीर खानची केस आठवते का कुणाला? त्याच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता आणि त्यात अट होती की मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर आधी आमच्याकडे आणायची, आम्ही तेवढंच द्यायला तयार असलो तर आमच्याशीच करार करायचा. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की करार संपल्यानंतरचं असलं बंधन कलम २७ प्रमाणे रद्द ठरतं.

नोकरी चालू असतानाचं बंधन मात्र चालतं. सेंच्युरी स्पिनिंगची १९६७ ची केस आहे, टायर कॉर्डच्या प्लँटमधल्या एका कर्मचाऱ्याने पाच वर्षांचा करार केला आणि मध्येच सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत गेला, तिथे कोर्टाने कराराची मुदत संपेपर्यंतचं बंधन मान्य केलं. म्हणून दिवसा इथे आणि रात्री स्पर्धकाकडे असं करू नका. तसंच कंपनीचा सोर्स कोड, क्लायंटच्या याद्या, दरपत्रकं यातलं काहीही सोबत नेऊ नका, गुप्ततेची अट नोकरी सोडल्यावरही मागे लागते आणि लागायलाच हवी, त्यात अन्याय काही नाही.

दुसरी अट, बाँडची. इथे एचआरच्या बोलण्यात थोडा दम आहे. २०२५ मध्ये विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं नोकरी करा नाहीतर दोन लाख भरा ही अट उचलून धरली. पण कारण वाचा. सरकारी बँकेला एक जागा भरायला जाहिरात, परीक्षा, मुलाखती असा मोठा खर्च आणि वेळ लागतो हे कोर्टाने लक्षात घेतलं. प्रत्येक कंपनीचा प्रत्येक बाँड आता पवित्र झाला असं नाही. कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. तुम्हाला खरंच काही ट्रेनिंग दिलं होतं का? की पहिल्याच सोमवारी जुन्या प्रोजेक्टवर बसवलं? ट्रेनिंगचा खर्च दाखवा असं मेलवर विचारा, १८ पैकी १४ महिने काम केलंय हे लिहा, आणि तडजोडीची रक्कम सुचवा. बरेच वेळा इथेच मिटतं.

ओरिजिनल सर्टिफिकेट्स त्यांच्याकडे ठेवलेली असतील तर ती आजच मेल टाकून मागा. गहाण टाकायला ते दागिने नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी टीवाय बीकॉमला आहे. बिझनेस लॉच्या पेपरात पहिलंच युनिट राज्यघटनेचं आहे. धंद्याचा आणि घटनेचा संबंध काय? आणि माझ्या भावाला एका खासगी कंपनीने अचानक काढलं, तर मूलभूत हक्क म्हणून कोर्टात जाता येईल का?

पहिलं युनिट पाठ करून सोडून देऊ नकोस, ते सगळ्यात मजेदार आहे, फक्त शिकवताना कलमांची यादी करून त्याची वाट लावतात.

कलम १९(१)(जी) म्हणतं की प्रत्येक नागरिकाला कुठलाही व्यवसाय, धंदा, व्यापार करायचा हक्क आहे. त्याच्याच खाली १९(६) म्हणतं की लोकहितासाठी सरकार त्यावर वाजवी बंधनं घालू शकतं. सगळी मारामारी त्या 'वाजवी' शब्दावर आहे.

एक जुनी केस सांगते. मध्य प्रदेशात, म्हणजे तेव्हाच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरारमध्ये (आपला विदर्भ त्यात होता) १९४८ चा एक कायदा होता की शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विडी वळायला बंदी करता येईल. हेतू चांगला, देशात धान्याची टंचाई, शेतीला मजूर मिळायला हवेत. सागर जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरने १९५० मध्ये तसा हुकूम काढला, त्या गावातल्या कुणीही हंगामात विडी वळायची नाही आणि कारखानदाराने त्यांना काम द्यायचं नाही. आता विडी कोण वळतं बघ, म्हातारी माणसं, घरातल्या बायका, अपंग, ज्यांना शेतात राबणं जमत नाही असे बरेच लोक. त्यांची विडी बंद केली म्हणून ते नांगर धरणार होते का? सुप्रीम कोर्टाने चिंतामणराव केसमध्ये नेमकं हेच धरलं, की हेतू ठीक आहे पण बंधन त्या हेतूला लागतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त पसरलंय, म्हणून रद्द. राज्यघटना लागू होऊन वर्षसुद्धा झालेलं नव्हतं तेव्हाचा हा निकाल आहे.

तीच मोजपट्टी आजही लागते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना सांगितलं की क्रिप्टोचा व्यवहार करणाऱ्यांना सेवा देऊ नका. बँक खातंच नाही तर एक्स्चेंज चालणार कसं, तो धंदाच बंद. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं, रिझर्व्ह बँकेला अधिकार नाही म्हणून नव्हे, अधिकार आहे हे कोर्टाने मान्य केलं, पण बँकांचं यामुळे काही नुकसान झालंय हे तिला दाखवता आलं नाही आणि उपाय प्रमाणाबाहेर होता म्हणून. आपल्या राज्यातली डान्स बारची बंदीसुद्धा २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टात अशीच पडली, वर तिथे भेदभावाचाही मुद्दा होता, कारण थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांत तोच नाच चालत होता. उलट दारूच्या धंद्यात असं झगडता येत नाही, तिथे मूलभूत हक्क म्हणून धंदा मागता येत नाही हे १९५४ पासून कोर्ट सांगत आलंय. पटो न पटो, तसं आहे.

मालमत्तेचं एका ओळीत : आधी तो मूलभूत हक्क होता, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो तिथून काढून कलम ३००-अ मध्ये नेला, म्हणजे आता तो घटनेने दिलेला हक्क आहे पण मूलभूत नाही. परीक्षेत हमखास विचारतात.

आता भावाचं. मूलभूत हक्क हे मुळात सरकारविरुद्ध असतात, कलम १२ मध्ये 'राज्य' कशाला म्हणायचं ते दिलंय आणि साधी खासगी कंपनी त्यात येत नाही. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने म्हटलंय की कलम १९ आणि २१ चे हक्क खासगी लोकांविरुद्धही बजावता येऊ शकतात, पण त्या जोरावर थेट रिट (मूलभूत हक्कासाठी वरच्या कोर्टात करायचा अर्ज) घालून नोकरी परत मिळेल अशी आशा त्याला दाखवू नकोस. त्याचं काम कामगार कायदे आणि त्याचं अपॉइंटमेंट लेटर करेल : तो कामगार या व्याख्येत बसतो का, नोटीस पिरियड किती लिहिलाय, तो दिला का, त्याचा पगार दिला का, चौकशी झाली का. तो कागद घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा.

मात्र घटना खासगी ऑफिसात शिरतच नाही असंही नाही, ती मागच्या दाराने येते. १९९७ च्या विशाखा निकालात कोर्टाने समानतेचा आणि सन्मानाने काम करण्याचा हक्क धरून कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले, त्याचा २०१३ मध्ये कायदा झाला, आणि आज दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात अंतर्गत समिती लागते. तुझ्या भावाच्या ऑफिसात होती का विचार.

प्रश्न : आम्ही तीन मित्र मिळून धंदा करतोय, नफा सारखा वाटतो, लिहून काही ठेवलेलं नाही. मैत्री पक्की आहे. तरी काही करायला हवं का?

मैत्री पक्की आहे तोवरच करा, नंतर कुणी सही करत नाही.

नफा वाटून धंदा चालवताय म्हणजे १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे तुम्ही भागीदार झालातच, कागद असो नसो. आणि भागीदारीत पेढीच्या देण्याला प्रत्येक जण एकटाही पूर्ण जबाबदार असतो, म्हणजे तिसऱ्याने पेढीच्या नावावर उधारीत माल उचलला आणि गायब झाला तर पुरवठादार तुमच्या घरापर्यंत येऊ शकतो. वर पेढीची नोंदणी नसेल तर कलम ६९ प्रमाणे तुम्हाला करारावरून बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही, तो मात्र तुमच्यावर लावू शकतो. एवढं एकतर्फी कलम क्वचितच सापडेल.

एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी, २००८ चा कायदा) किंवा प्रायव्हेट लिमिटेड केली तर धंदा ही वेगळी व्यक्ती मानली जाते आणि तुमचं नुकसान साधारणपणे गुंतवलेल्या पैशापुरतं राहतं. हे तत्त्व १८९७ च्या इंग्लंडमधल्या सॉलोमन केसपासूनचं आहे, एका चांभारी धंदेवाल्याने आपलीच कंपनी केली आणि ती बुडाल्यावर घेणेकरी म्हणाले कंपनी म्हणजे हाच, कोर्ट म्हणालं नाही, दोघं वेगळे. फक्त बँकेत कर्ज काढायला गेलात की मॅनेजर तिघांची वैयक्तिक हमी मागेल, आणि तिथे सही केलीत की करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणजे पुढच्या दाराने मिळालेलं संरक्षण त्या एका सहीने परत दिलंत. ती सही करण्याआधी घरच्यांना सांगा.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, ॲप बनवतो. एका कंपनीने त्याच्याकडून पाच वर्षांचा करार सही करून घेतलाय. आम्हाला नंतर कळलं.

अज्ञानाचा, म्हणजे १८ पूर्ण नसलेल्याचा करार मुळातच रद्द, प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं लंडनमधलं शेवटचं अपील कोर्ट) १९०३ मध्ये मोहरी बीबी केसमध्ये सांगितलंय. कंपनी तो करार त्याच्यावर बजावू शकत नाही. १८ पूर्ण झाल्यावर त्यांनी "जुन्याच करारावर एक ओके दे फक्त" म्हटलं तर द्यायचं नाही, हवं तर नवा करार करावा, आणि तो तुम्ही आधी वाचा. पाच वर्षं कुणालाही जास्तच आहेत.

प्रश्न : मी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्स बघतो. दर मार्च एंडला साहेब सांगतात या दोन पार्ट्यांना बिलं फाड, माल एप्रिलमध्ये जाईल. काही वेळा माल जातच नाही, मे महिन्यात क्रेडिट नोट काढतो, म्हणजे बिल उलटवतो. कारण बँकेची कर्जाची लिमिट वाढवायची असते, टर्नओव्हर दाखवायला लागतो. ते म्हणतात सगळेच करतात आणि जीएसटी आपण भरतोच, मग सरकारचं काय गेलं? माझी कुठे सही नसते, एंट्री फक्त मी टाकतो. झोप लागत नाही नीट.

तुमचं पत्र मी बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा वाचलं. झोप लागत नाहीये ते बरोबरच आहे.

सरकारचं काय गेलं हा प्रश्न साहेबांनी हुशारीने निवडलाय, कारण टॅक्स भरलाय. पण बिलं सरकारसाठी फाडलेलीच नाहीत, ती बँकेसाठी फाडलीत. बँक त्या टर्नओव्हरवर विश्वास ठेवून पैसे देणार, आणि त्या बँकेत ठेवी कुणाच्या आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. कंपनी कायदा २०१३ चं कलम ४४७ बघा, त्यात फसवणुकीची व्याख्या अशी केलीये की घेणेकऱ्याला किंवा इतर कुणाला फसवून गैरफायदा मिळवायचा इरादा असला की पुरे, प्रत्यक्ष कुणाचं नुकसान झालं की नाही हा मुद्दाच नाही. रक्कम मोठी असेल तर किमान सहा महिने ते दहा वर्षं तुरुंगवास. आणि त्यात "डायरेक्टरने केलं तरच" असं कुठेही नाही, ज्याचा हात आहे तो प्रत्येक जण. माल न देता इनव्हॉइस काढणं हा जीएसटी कायद्यातही वेगळा गुन्हा आहे, टॅक्स भरलेला असला तरी.

सही नसते म्हणालात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल चालू ठेवणं सक्तीचं आहे, कुठल्या युजरने कुठल्या तारखेला एंट्री टाकली, कधी बदलली ते सगळं राहतं आणि बंद करता येत नाही. उद्या चौकशी झाली तर पडद्यावर युजर आयडी तुमचा दिसणार आहे, साहेबांचा फोन तिथे दिसणार नाही.

"सगळेच करतात" बद्दल. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या चेअरमनने बोर्डाला पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. त्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग म्हणजे सुरुवात कशी झाली ते : खरा नफा आणि दाखवलेला नफा यात किरकोळ फरक होता, तो एका तिमाहीत झाकला, मग पुढच्या तिमाहीत तो फरक धरून वरचा आकडा दाखवावा लागला, असं करत करत आवाक्याबाहेर गेलं. तुमच्याकडेही बघा ना, यंदाची लिमिट फुगवलेल्या टर्नओव्हरवर मिळाली, तर पुढच्या मार्चला तेवढा टर्नओव्हर पुन्हा दाखवायला लागणार आणि वर वाढही. मागच्या मार्चपेक्षा या मार्चला बिलं जास्त होती का? मला वाटतं होती.

काय करायचं. हिरोगिरी करू नका, घरी हप्ते असतील तर ते मी समजू शकते. पण इथून पुढे तोंडी सूचनेवर एंट्री टाकायची नाही. साहेबांना साधा, गोड मेल करा की या बिलांचं डिस्पॅचचा कागद आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद) मिळालं की एंट्री करतो. त्यात आरोप नाही, धमकी नाही, अकाउंट्सवाल्याने जे मागायचं तेच मागितलंय. ते मेल आल्यावर बरेच साहेब स्वतःहून बेत बदलतात, कारण लेखी उत्तर द्यायचं म्हणजे अवघड जातं. तरीही टाक म्हणाले तर नकार लेखी द्या. वैधानिक ऑडिटरने विचारलं तर खोटं सांगू नका, लपवू नका, ठरावीक रकमेवरची फसवणूक सापडली तर सरकारला कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे आणि तो आपली कातडी वाचवायला तुमचं नाव पहिलं घेईल. आणि शांतपणे दुसरी नोकरी शोधायला लागा. झालेल्या एंट्रींसाठी एखाद्या फौजदारी वकिलाला एकदा भेटून घ्या, कंपनीच्या वकिलाला नव्हे, तो कंपनीचा आहे.

प्रश्न : आमच्या कॉलेजात वाद झाला. कंपनीने कायदा पाळला, दोन टक्के सीएसआर (समाजकार्यावर करायचा सक्तीचा खर्च) दिलं, मग अजून नैतिकता कसली मागता?

आधी दोन टक्क्यांचं नीट घ्या. ते सगळ्यांना नाही, नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यातलं काही एक पार केलेल्या कंपनीला, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के (कंपनी कायद्याचं कलम १३५). ही रक्कम नफा कसा कमावला त्याबद्दल काहीच सांगत नाही. नदीत सांडपाणी सोडून दोन टक्क्यांत झाडं लावता येतात, फोटोही छान येतात.

तुमच्यातल्या कुणीतरी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनचं नाव नक्की घेतलं असणार, १९७० मध्ये त्याने लिहिलं की धंद्याची सामाजिक जबाबदारी एकच, नफा वाढवणं. पण तेच वाक्य पुढे म्हणतं की खेळाच्या नियमांत राहून, फसवणूक न करता. आणि मला त्यातली अडचण अशी वाटते की नियम नेहमी अपघातानंतर बनतात. भोपाळची गॅसगळती डिसेंबर १९८४ ची, दुसऱ्या वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीत ओलियम गळती झाली, आणि मग सुप्रीम कोर्टाने तत्त्व आणलं की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याने कितीही काळजी घेतली असली तरी अपघाताची जबाबदारी पूर्ण त्याचीच, सबब चालणार नाही. भोपाळच्या आधी हा नियम नव्हता. धोका तेव्हाही तेवढाच होता.

उलटं उदाहरण १९८२ चं. शिकागो भागात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड घातलं, सात जण गेले. भेसळ कारखान्यात झालेली नव्हती, दुकानातल्या बाटल्यांमध्ये झाली होती, तरी जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून ३ कोटी १० लाखांच्या आसपास बाटल्या परत मागवल्या. त्याच कंपनीवर पुढे टाल्कम पावडरवरून हजारो दावे झाले हेही वादात सांगा, म्हणजे कुणी कंपनीला संत करायला नको. निर्णय चांगला असतो किंवा वाईट असतो, कंपनी कायमची चांगली असा प्रकार नाही.

प्रश्न : बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का मारतो. गिऱ्हाईक म्हणतं बेकायदा आहे. खरं का?

खराब माल असेल तर गिऱ्हाईक बरोबर आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर ३० दिवसांत. रंग आवडला नाही, घरी गेल्यावर मन बदललं, असल्या कारणांसाठी परत घ्यायची सक्ती नाही, तो तुमचा धंद्याचा निर्णय. पण सरसकट शिक्का मारलात आणि गिऱ्हाईक जिल्हा आयोगात गेलं, तर पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला त्याला फी एक रुपयाही लागत नाही, तुम्हाला मात्र दुकान बंद ठेवून तारखेला जावं लागेल. शिक्का नवा बनवून घ्या, त्यात "सदोष माल ३० दिवसांत बदलून मिळेल, बिल सोबत आणावे" एवढं टाका.